कलावतीचे तीन गोल

डोंबिवली (पूर्व)

प्रिय सगुणा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर खडवलीचा शिक्का बघून आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असेल. मग अक्षर पाहिलं. तुझी ओळ अजून तशीच उजवीकडे चढत जाते. मैदान आखायला चुन्याचा डबा तुझ्या हातात दिला की बाजूची रेघही अशीच चढायची आणि मी कमरेवर हात ठेवून विचारायचे, सगुणाबाई, ही रेघ कोपऱ्याच्या झेंड्याकडे चालली आहे की टेंभी नाक्याला? आठ वर्षांत तुझ्या हाताला काही वळण लागलेलं नाही, हे बघून मला हसू आलं. हसू तेवढंच. पुढचं वाचलं आणि मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

तुझा नवरा, दगडू, गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. तूही ते एका ओळीत उरकलंस. रेतीची होडी कलंडली, तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या खाली लगेच दिराचं, की घर रिकामं कर म्हणतो. मग दोन पोरांची नावं आणि इयत्ता. मग हे, की आता तू स्वतः नदीवर रेतीची घमेली वाहतेस, दुपारनंतर डावा गुडघा वाकत नाही, म्हणून काठावरून बसून घसरत उतरतेस आणि बाकीच्या बायका हसतात. हे तू गमतीनं लिहिलंयस. मला गंमत वाटली नाही. त्या गुडघ्याला मी माझ्या हातानं बर्फ लावलेला आहे.

तुझं मागणं तसं साधं. ठाण्यात एका संस्थेनं मुलींसाठी मैदान काढलंय आणि तिथे मदतनीस बाई हवी आहे. चौथी पास चालेल, पण राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. मैदानाच्या कडेला राहायला एक खोली मिळेल. खोलीचं तू दोनदा लिहिलंस. आणि त्यासाठी बाईंनी फक्त एका कागदावर लिहून द्यायचं, की चौऱ्याऐंशी साली कोल्हापूरला कलावती साबळे या नावानं जी खेळली ती मीच. पंधरा जूनच्या आत. पत्ता घालताना लक्ष्मी लिहा, सासरी मला लक्ष्मी म्हणतात, असंही बजावलंस. आणि खाली सही केलीस, 'सगुणा, म्हणजे तुमची कलावती'. एका बाईला तीन नावं आणि तिच्या कामाचा एकही कागद तिच्याजवळ नाही. बाकी कुणाकुणाचा दोष असेल तो असेल, या गोंधळातलं एक नाव मी दिलेलं आहे.

आता मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आपल्या संघाबद्दल दुसरीकडे कुठेही एक ओळ उरलेली नाही. का उरली नाही तेही पुढे येईल.

एक्याऐंशी साली मी ठाण्यात मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची आणि भलतीच हट्टी. लेझीम आणि कवायत शिकवून कंटाळले आणि एक दिवस फुटबॉल घेऊन आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आवारात नको, काचा फुटतील. म्हणून आम्ही खाडीच्या बाजूच्या पडीक जागेवर गेलो. चेंडू सारखा चिखलात जायचा आणि माझ्या शहाण्या मुली काठावर उभ्या राहून एकमेकींना पुढे ढकलायच्या. ओहोटीला तू तुझ्या आईबरोबर, जाईबाईबरोबर, चिखलातले मासे, निवट्या, धरायला आलेली असायचीस. पोटरीभर चिखलातून तू घरातल्या फरशीवरून चालावं तशी चालत आलीस आणि चेंडू हातात न देता लाथ मारून दिलास. तो माझ्या डोक्यावरून गेला. त्याच दिवशी मी तुझं नाव हजेरीवहीत घातलं. पहिलं पान, सातवं नाव. तू शाळेची नाहीस, चौथीनंतर शाळाच सोडलेली आहेस, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी नाव खोडलं नाही. शाळेचा संघ म्हणून सुरू केलेलं ते किनारा महिला फुटबॉल संघ झालं ते तुझ्यामुळे.

महिन्याभरानं तुझे वडील शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. धाकूभाऊ भांडायला आलेत असं शिपायानं सांगितलं. ते भांडले नाहीत. चप्पल बाहेर काढून आत आले, खुर्चीवर बसले नाहीत आणि म्हणाले, "बाई, पोर धावतं तं धावू दे. पन तिचा नाव पेपरान येवाला नको. सोयरीक जुलवायची हाय." मी शब्द दिला. पुढच्या रविवारी तेच धाकूभाऊ खांद्यावर जुनं जाळं घेऊन मैदानावर आले, कारण आपल्या गोलला जाळी नव्हती आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू आणायला कुणीतरी खाडीपर्यंत धावायचं. कोलंबीसुद्धा सुटणार नाही इतकं बारीक विणीचं जाळं. नंतर दर सामन्याला ते त्या जाळ्यामागे सुई-दोरा घेऊन बसलेले असायचे. मी सामना बघायला आलोच नाही, जाळं शिवायला आलोय, असं लोकांना सांगायचे. जाळं फाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

मग त्र्याऐंशी साली तो औषधाच्या बाटल्यांचा कारखाना. मालकांच्या मुलीनं आपला सामना पाहिला आणि तुमच्यापैकी नऊ जणींना पॅकिंग खात्यात घेतलं. सकाळी काम, तीननंतर सराव, दोन्हीची हजेरी एकच. नऊ मुली खेळण्यासाठी पगार घेतायत ही गोष्ट त्या वेळी ठाण्यात कुणाला खरी वाटायची नाही. छातीवर बाटली छापलेले शर्ट आले आणि कळव्यापासून कल्याणपर्यंत आपण बाटलीचा संघ झालो. पोरं शिट्ट्या मारून कसलं कसलं विचारायची ते इथे लिहीत नाही. बूट आले ते पुरुषांच्या मापाचे. तू पुढे कापूस कोंबायचीस आणि तरी मध्यंतरात काढून टाकायचीस. मी रागावले की म्हणायचीस, बाई, बुटात जमीन कळत नाय. गोलकीपर मनु तर पहिले सहा महिने हातमोजे घालायला लाजायची. तिला वाटायचं, मोजे घातले तर लोक म्हणतील, हिला चेंडू लागतो. तुम्हाला ओरडून माझा आवाज कायमचा फाटला, पण त्या चार वर्षांत मी सकाळी उठताना ज्या उत्साहात उठायचे, त्या उत्साहात नंतर कधी उठले नाही.

आणि चौऱ्याऐंशीचं कोल्हापूर. स्पर्धा एकोणीस वर्षांखालच्या मुलींची. तुझा शाळेचा दाखला काढला तर जन्मतारीख एक जून एकोणीसशे चौसष्ट. गुरुजींनी कोळीवाड्यातल्या सगळ्याच पोरांना एक जून दिला होता आणि तुला लवकर पहिलीत बसवायचं म्हणून दोन वर्षंही वाढवली होती. जाईबाईला विचारलं तर ती म्हणाली, नारळी पुनवेला झाली, तवा आमची होरी नवी होती. होडी कुठल्या वर्षी नवी होती ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. खरं वय अठरा, कागदावर वीस. नियमाप्रमाणे तुला घरी ठेवायला हवं होतं. मी आमच्या कपाटातून माझ्या धाकट्या बहिणीचा, कलावतीचा, दाखला काढला. तीही अठराची. उन्हात पाच मिनिटं उभी राहिली तर डोकं धरून बसणारी आमची कला! तिला विचारलं तर म्हणाली, घेऊन जा, मला काय करायचंय. शिवाय तुझं नाव पेपरात येणार नव्हतं, म्हणजे तुझ्या वडिलांना दिलेला शब्दही राहत होता. एका कागदात दोन कामं झाली म्हणून मी स्वतःवर खूश होते. आपण कुणाचं काही काढून घेतोय, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

एस.टी.त तू वहीत चाळीस वेळा 'कलावती साबळे' अशी सही गिरवलीस. पुणं येईपर्यंत ती माझ्या बहिणीपेक्षा बरी जमायला लागली होती. अंतिम सामन्यात तू तीन गोल केलेस. पहिले दोन कुणीही केले असते, तुला राग येईल, पण मी तेव्हाही हेच म्हणाले होते. तिसरा मात्र मला आजही दिसतो. दोघींच्या मधून गेलीस, तिसरी समोर आली तेव्हा थांबलीस, अगदी उभी राहिलीस, ती घसरत पुढे निघून गेली आणि मग तू चेंडू सावकाश आत ढकललास. बक्षिसाच्या वेळी लाऊडस्पीकरवर तीनदा पुकारा झाला, कलावती साबळे, कलावती साबळे. तू बाजूला बसून संत्रं सोलत होतीस. शेवटी मनुनं तुला कोपरानं ढोसलं. हातात संत्रं घेऊनच तू वर गेलीस. आम्ही परतीच्या वाटेवर कऱ्हाडपर्यंत हसत होतो.

पेपरात आलं, कलावती साबळे हिचे तीन गोल. फोटो पाठमोरा आणि धुरकट. धाकूभाऊंनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला, कात्रण प्लास्टिकमध्ये गुंडाळून होडीत ठेवलं आणि मला म्हणाले, "नाव तिचा नाय, पन पाय तं तिचंच." मी तुझ्यापासून हे लपवून ठेवलं होतं, त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं. आता ते नाहीत, म्हणून सांगते.

पुढचं तुला पाठ आहे. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात तुझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया मुंबईत होते, आणि तेवढ्यात अठ्ठ्याऐंशीत कारखान्याला टाळं लागलं. त्याच वैशाखात तुझं लग्न. गोलचं जाळं तुझे वडील घेऊन गेले आणि त्यांनी ते मांडवाला आडोसा म्हणून बांधलं. अक्षता टाकताना मी तुझ्याकडे कमी आणि त्या जाळ्याकडे जास्त बघत होते. एकोणनव्वदला आपला शेवटचा सामना झाला. आठ जणी आल्या. समोरच्या संघानं आपण होऊन तीन मुली बाहेर बसवल्या, तरी आपण पाच गोलांनी हरलो. हरल्याचं काही वाटलं नाही, पण त्या बाहेर बसलेल्या तीन मुलींच्या चेहऱ्यावरची कीव मला सोसली नाही. नंतर मी कुणाला सरावाला बोलावलं नाही. त्या जागी आता चार इमारती आहेत. उत्तरेकडच्या गोलच्या जागी एका इमारतीचा जिना आलाय. कोल्हापूरचा कप शाळेत आहे, त्यात खडूचे तुकडे ठेवतात. मनु कळव्याला असते. भेटली होती. ती गोलकीपर होती हे तिच्या नवऱ्याला माहीत नाही आणि सांगू नका म्हणाली.

आता कलाचं. ते लिहायचं म्हणून इतका वेळ मी संघाचा इतिहास लिहीत बसले.

नव्वद साली माझी बहीण वर्षाची मुलगी कडेवर घेऊन माहेरी परत आली. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलगी रडली तरी वळायची नाही. आमची आई, गंगुबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. तिला फक्त डोळे हलवता यायचे आणि ती ते डोळे कलावरून माझ्यावर आणि माझ्यावरून कलावर फिरवत राहायची. मी शाळेत जाताना घरातल्या सुऱ्या आणि फिनेलची बाटली कुलपात ठेवून जायचे, आता काय सांगू. अशा वेळी एका सरकारी कार्यालयात खेळाडूंसाठी राखीव जागा निघाली. दहावी पास, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र. आमच्या कपाटात होतं. कोऱ्यासारखं, घडीसुद्धा न पडलेलं, कलावती गणपत साबळे या नावाचं. नाव तिचं, जन्मतारीख तिची, दाखला तिचा. मी संघाची सचिव. 'सदर खेळाडू मला व्यक्तिशः परिचित आहे' अशा छापील ओळीखाली मी सही केली. त्या ओळीत तर काही खोटंसुद्धा नव्हतं.

अजून ऐक. मुलाखतीत चेंडू मारून दाखवायला सांगतील अशी भीती होती. मी तिला शिकवलं, की म्हण, डावा गुडघा गेलाय, सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात. जिना चढताना कसं थांबायचं, बसताना हात कुठे टेकायचा, ते मी तिला करून दाखवलं, कारण ते सगळं तुझ्याकडे पाहून मला पाठ होतं. सगुणा, तुझं नाव तर तिथे नव्हतंच. तुझे गोल घेतले आणि तुझा गुडघासुद्धा घेतला. कार्यालयातल्या लोकांना तिची फार दया आली. कामाला लागल्यावर कुणी चौकशी करेल या धास्तीनं मी आपली हजेरीवही, पहिल्या पानावर सातवं नाव असलेली, सामन्यांच्या नोंदी असलेली, दोन किलो रद्दीत घातली. तुझ्या खऱ्या नावाचा तो एकच कागद होता. आणि तू तेव्हा खडवलीला संसारात आहेस, तुला या कागदाची गरज कधी पडणार, असं मी स्वतःला समजावलं. तुझी आठवण आली नाही असं नाही. आली, म्हणूनच समजवावं लागलं.

पाच वर्षं झाली. कला आता सकाळी लवकर उठते, साडीच्या निऱ्या नीट घालते, मुलीची वेणी घालते आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून निघते. कार्यालयात तिला महिला दिनाला बोलायला उभं करतात. गेल्या वर्षी तिनं मैत्रिणींना कोल्हापूरच्या तिसऱ्या गोलची गोष्ट सांगितली. मी दारात उभी होते. ती माझ्याकडून ऐकलेलं सांगत होती, पण सांगता सांगता तिचा आवाज असा झाला, की तिला ते खरंच आठवतंय असं मला वाटलं. मला तिचा राग आला नाही. स्वतःची शिसारी आली.

हे सगळं वाचून तुला वाटेल, की बाईंनी इतकं कबूल केलं म्हणजे शेवटी तो कागद पाठवलाच असेल. पाकिटात शोधू नकोस. तुझं पत्र मला तीन जूनला मिळालं. चारला मी तू मागितलास तसा कागद लिहून काढला, सही करायची तेवढी ठेवली. मग रोज सकाळी कला दारातून बाहेर पडायची आणि मी तो कागद परत पेटीत ठेवायचे. मी विसरले नाही, आजारी नव्हते, टपाल उशिरा आलं नाही. मी पंधरा तारीख जायची वाट बघितली. फळ्यावर तारीख घातल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या बाईनं या पत्राच्या माथ्यावर तारीख घातलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. वर घातली असती तर तू पहिल्या ओळीलाच सगळं ओळखलं असतंस आणि पुढचं वाचलं नसतंस. कोल्हापूरचे तीन गोल सगुणा धाकू कोळी हिनं केले, कलावतीनं नाही. हे माझ्या अक्षरात, माझ्या पूर्ण सहीनं, निदान तुझ्या हातात असावं, म्हणून लिहिलं. हे पत्र कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. कलाचं काय व्हायचं ते होईल, मी नाकारणार नाही. ठरवायचं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर दिलंय, तेही मला कळतं. खोली मात्र गेली, सगुणा. आज सतरा जून आहे.

तुझीच म्हणवून घ्यायला न धजणारी, तरी तुझीच,

चंद्रभागा गणपत साबळे
सचिव, किनारा महिला फुटबॉल संघ, ठाणे
१७ जून १९९६